पोस्टव्हिलचा छापा: शिक्षा कामगाराला, भोग घराला

मे २००८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जवळपास तीनशे कामगारांसमोर एकसारखाच कागद ठेवला गेला. गुन्हा कबूल केला तर पाच महिने तुरुंग आणि तिथून थेट मायदेशी रवानगी. कबूल केला नाही तर खटला उभा राहीपर्यंत सहा ते आठ महिने तुरुंगातच, कारण जामीन मिळणार नाही. खटला हरला तर किमान दोन वर्षे. आणि जिंकला तरी सुटका नाही, कारण स्थलांतर खाते दारातच ताब्यात घेऊन हद्दपार करणार. म्हणजे निर्दोष ठरायला लागणारा वेळ गुन्हा कबूल करून भोगायच्या शिक्षेहून जास्त. ज्याच्या पैशाकडे घरचे डोळे लावून बसले आहेत, तो यातले काय निवडणार हे सांगायला कायदेपंडित लागत नाही.

अमेरिकेतल्या लॅटिनो कुटुंबांची चर्चा निघाली की बोलणे बहुधा सीमेवरच्या भिंतीवर येऊन थांबते. माझ्या मते खरी मेख वेगळीकडे आहे. स्थलांतराचा कायदा आणि फौजदारी कायदा एकमेकांत गुंतवले की दोन्हींतला कडकपणा माणसाच्या वाट्याला येतो आणि दोन्हींतली संरक्षणे गळून पडतात. आणि त्या माणसाच्या घरी कोण आहे, हा प्रश्न कोणीच विचारत नाही, कारण तो विचारण्याचे काम दोन्हींपैकी एकाही न्यायालयाकडे उरत नाही. पोस्टव्हिल या छोट्या गावात हे सगळे दहा-अकरा दिवसांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. म्हणून हे एकच प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

गाव आणि कारखाना

पोस्टव्हिल ईशान्य आयोवात आहे. चहूकडे मक्याची शेती, वस्ती जेमतेम २,३०० ची. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका ज्यू खाटीक कुटुंबाने, रुबाश्किनांनी, १९८७ मध्ये इथला बंद पडलेला कत्तलखाना विकत घेतला आणि ज्यू धर्मनियमांनुसार कापलेल्या कोशर मांसाचा धंदा सुरू केला. अ‍ॅग्रिप्रोसेसर्स हे कंपनीचे नाव. पुढच्या वीस वर्षांत तो देशातला सर्वात मोठा कोशर कत्तलखाना झाला. काम थंडीतले, रक्तामांसातले, सुरीचे, आणि मजुरी बेताची. आधी पूर्व युरोपातून आलेले लोक ते करत, मग मेक्सिकोतले, आणि शेवटी मोठ्या संख्येने ग्वातेमालातले. यातले बरेच जण चिमाल्तेनांगो भागातल्या दोन-चार खेड्यांतून एकामागून एक आलेले, माया वंशाचे शेतमजूर. एकाने दुसऱ्याला बोलवायचे, भावाने भावाला, नवऱ्याने बायकोला. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातले आणि घाटावरचे लोक गाववार जमत गेले, ती रीत आपल्याला परकी नाही.

कारखान्याबद्दल तक्रारी होत्या आणि त्या छाप्याच्या आधीपासूनच्या होत्या. आयोवाचे कामगार खाते तिथे बालमजुरीची चौकशी करत होते. मांसउद्योगातली कामगार संघटना तिथे शिरकाव करू पाहत होती. म्हणजे या कामगारांची गरज त्या वेळी सरकारच्याच एका खात्याला साक्षीदार म्हणून होती. पण दुसरे खाते आधी पोहोचले.

छापा

१२ मे २००८, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास सुमारे ९०० अधिकाऱ्यांनी कारखान्याला वेढा घातला. डोक्यावर हेलिकॉप्टर होते. वॉरंट ६९७ जणांच्या नावाने होती, हाती लागले ३८९. त्यांत सुमारे २९० ग्वातेमालाचे, ९३ मेक्सिकोचे, आणि काही अगदीच कोवळ्या वयाचे. एकाच ठिकाणी घातलेला त्या वेळेपर्यंतचा हा सर्वात मोठा छापा होता. आकड्याने पाहिले तर गावाच्या सहाव्या हिश्श्याएवढी माणसे एका सकाळी उचलली गेली.

ज्यांना उचलले नाही, त्यांनी चर्च गाठले. सेंट ब्रिजिट्स या कॅथलिक चर्चमध्ये सुमारे चारशे माणसे शिरली आणि बायका-मुले बाकांवर झोपली. कायद्याने त्या इमारतीला काही विशेष संरक्षण होते असे नाही, पण अधिकारी चर्चमध्ये घुसणार नाहीत एवढी एक आशा होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळांची जवळजवळ निम्मी मुले गैरहजर होती. शाळेच्या अधीक्षकांनी या घटनेची तुलना नैसर्गिक आपत्तीशी केली, फक्त ही माणसाने घडवलेली, असे ते म्हणाले.

नाचघरातले न्यायालय

पकडलेल्यांना सव्वाशे किलोमीटरवरच्या वॉटर्लू शहरात नेले. तिथे नॅशनल कॅटल काँग्रेस नावाचे मैदान आहे, गुराढोरांच्या जत्रा-प्रदर्शनांसाठीचे. त्या मैदानातल्या नाचघरात आणि बाहेर उभ्या केलेल्या ट्रेलरांत न्यायालये थाटली होती.

तिथे काय घडले हे आज आपल्याला इतके बारकाईने माहीत आहे, ते प्रामुख्याने एका माणसामुळे. एरिक कामायद-फ्रेइशास हे फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातले स्पॅनिशचे प्राध्यापक, आणि केंद्रीय न्यायालयांचे मान्यताप्राप्त दुभाषी. देशभरातून बोलावलेल्या सव्वीस दुभाष्यांपैकी ते एक. दुभाष्याने तटस्थ राहायचे असते, ऐकलेले दुसऱ्या भाषेत सांगायचे आणि विसरून जायचे. खटले आटोपल्यावर त्यांनी हे मौन सोडले. एक निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी २४ जुलैला अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष दिली.

त्यांनी पाहिलेले दृश्य असे. दहा-दहा जणांची रांग. मनगटांना, कमरेला आणि घोट्यांना साखळी. ती फरफटत माणसे खुर्च्यांपर्यंत येत, कानाला हेडफोन लावून न्यायाधीशांचे बोलणे स्पॅनिशमधून ऐकत आणि तशीच उठून बाहेर जात. त्यांना वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या तुरुंगांकडे नेणाऱ्या बसमध्ये चढवले की पुढचे दहा आत. बहुतेक जण बुटके, निरक्षर, माया आडनावांचे. काहींच्या डोळ्यांत पाणी, काहींच्या चेहऱ्यावर शरम. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांच्या बेड्यांवरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, तो रास्तच होता. पण हीच साखळी लॅटिनो मजुरांच्या पायात कितीतरी वर्षांपासून आहे.

या कामगारांवर आरोप कशाचा होता? बिनपरवाना देशात राहणे हे स्वतः अमेरिकी कायद्यात दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन आहे. आधीच्या छाप्यांत अशा बहुतेक कामगारांना सरळ हद्दपार करत. डिसेंबर २००६ मध्ये स्विफ्ट कंपनीच्या सहा मांसकारखान्यांवर छापे पडले, सुमारे १,३०० माणसे पकडली गेली, पण फौजदारी आरोप त्यातल्या थोड्यांवरच ठेवले गेले. पोस्टव्हिलमध्ये सरकारी वकिलांनी २००४ चा एक कायदा बाहेर काढला: दुसऱ्याची ओळख चोरून केलेला गुन्हा, किमान शिक्षा दोन वर्षे, त्यात न्यायाधीशालाही सूट देता येत नाही. नोकरीला लागताना सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारने दिलेला ओळखक्रमांक, द्यावा लागतो. या लोकांनी दिलेले नंबर खोटे होते किंवा दुसऱ्या कोणाचे होते. म्हणून ही ओळखचोरी.

कामायद-फ्रेइशास लिहितात की वकिलांशी झालेल्या खासगी भेटींत हा नंबर म्हणजे नेमके काय आणि तो कशाला लागतो, हेच अनेकांना ठाऊक नसल्याचे दिसत होते. एका कामगाराला इंग्रजी सोडाच, स्पॅनिशही लिहिता-वाचता येत नव्हते. कारखान्यातच कोणीतरी त्याचे कागद भरून दिले होते. तो महिना आणि दहा दिवस चालत, नदी ओलांडून आला होता. वर्ष-दोन वर्षे कमवायचे आणि परत जायचे, एवढाच त्याचा बेत. वकील त्याला पर्याय समजावून सांगत होते, पण त्याला काही ठरवता येईना. तुम्हाला हवे ते करा, असे म्हणत शेवटी त्याने सही केली.

ज्या गुन्ह्यात आरोपीला 'माहीत होते' हे सिद्ध करावे लागते, त्या गुन्ह्याच्या धाकाने अशा माणसाकडून कबुली घेतली गेली. हे मला या प्रकरणातले सर्वात गंभीर वाटते.

दोन कायद्यांची गाठ

कुटुंबांचे नशीब ठरले ते या गाठीपाशी, म्हणून इथे जरा थांबतो.

फौजदारी खटल्यात आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, जामिनावर सुनावणी होते, मुदतीत खटला चालतो. स्थलांतर न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, पण तिथे कुटुंबाला धरून एक दार किलकिले आहे. दहा वर्षे देशात राहिलेला, चारित्र्य चांगले असलेला माणूस असे म्हणू शकतो की मला हाकलले तर माझ्या अमेरिकी नागरिक असलेल्या मुलावर असाधारण संकट कोसळेल. हे दार फार अरुंद आहे. वर्षाला जास्तीत जास्त ४,००० जणांनाच असा दिलासा देता येतो, आणि पोस्टव्हिलमधले बरेच जण अलीकडेच आलेले असल्याने दहा वर्षांच्या अटीत बसलेही नसते. तरी न्यायाधीशासमोर उभे राहून 'माझे मूल इथले आहे' असे म्हणण्याची जागा तिथे आहे.

पोस्टव्हिलच्या करारात काय झाले पाहा. स्थलांतर खात्याने ताबा मागितलेला असल्यामुळे फौजदारी न्यायालयातला जामीन गेला. आणि हद्दपारीचा हुकूम फौजदारी करारातच बांधलेला असल्यामुळे स्थलांतर न्यायालयातली सुनावणी गेली. शिक्षा किती, हे करारातच ठरलेले. न्यायाधीशांनी तो घ्यावा नाहीतर फेटाळावा. फेटाळला तर आरोपी आणखी काही महिने आत. त्यामुळे ज्यांना हे पटत नव्हते त्या न्यायाधीशांनाही फेटाळणे म्हणजे माणसाचे आणखी नुकसान करणे होते. एकेका वकिलाकडे सरासरी सतरा अशील, आणि निर्णयाला सात दिवस. हे वकील फौजदारी कायद्यातले, स्थलांतराचा कायदा त्यांचा विषय नव्हे. जे वकील तो कायदा जाणत होते, त्यांना कामगारांना भेटायला मुश्कील झाले, कारण कामगार आता 'फौजदारी आरोपी' होते.

दोन आठवड्यांच्या आत २९७ जणांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना शिक्षा झाली. त्यांतल्या २७० जणांना पाच-पाच महिने.

मागे राहिलेल्या बायका

लहान मुले असलेल्या काही बायकांना माणुसकीच्या कारणावरून सोडले. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला असाच छापा पडला होता, तेव्हा तान्ही मुले आयांविना राहिली म्हणून फार टीका झाली होती, त्यातून आलेले हे शहाणपण. पण सोडले म्हणजे काय केले? घोट्याला जीपीएसचा जाड पट्टा बांधला. काम करायची परवानगी नाही, आणि तारखा संपेपर्यंत गाव सोडून मायदेशी जायचीही नाही. नवरा तुरुंगात, स्वतःला कमाई बंद, घरभाडे चालू, पोरे शाळेत.

सरकारी मदतीवर या बायकांचा हक्क नव्हता. भाडे, वीजबिल, दूध, डायपर, सगळे त्याच चर्चने उचलले. तिथल्या सिस्टर मेरी मॅकॉली आणि त्यांच्या सोबत्यांनी देणग्या गोळा करून कितीतरी महिने ही घरे चालवली. म्हणजे राज्यसंस्थेने घरातला मिळवता हात काढून घेतला आणि उरलेल्या घराचा खर्च एका खेड्यातल्या चर्चच्या दानपेटीवर टाकला. जुलैच्या शेवटी गावात निषेधाचा मोर्चा निघाला. त्यात ज्यू संघटनांचे लोकही आले होते, आणि पुढे पट्टे बांधलेल्या बायका चालत होत्या.

बाहेरून बघणाऱ्याला पाच महिने ही हलकी शिक्षा वाटेल. पण ग्वातेमालातून येण्यासाठी या लोकांनी दलालांना कर्ज काढून पैसे दिले होते, घरची जमीन नाहीतर राहते घर तारण ठेवून. तुरुंगातल्या पाच महिन्यांत व्याज थांबत नाही. त्यात तो माणूस परत जाणार तो रिकाम्या हाताने, गावातल्या त्याच सावकारासमोर.

मालकाचे काय झाले

कंपनीचे प्रमुख शोलोम रुबाश्किन यांच्यावरही बिनपरवाना कामगार ठेवल्याचे आरोप होते. नोव्हेंबर २००९ मध्ये ते बँकेची फसवणूक आणि इतर आर्थिक गुन्ह्यांत दोषी ठरले, आणि मग स्थलांतरविषयक ७२ आरोप सरकारने मागे घेतले. बालमजुरीच्या राज्य खटल्यात जून २०१० मध्ये ते निर्दोष सुटले. आर्थिक गुन्ह्यांसाठी त्यांना २७ वर्षांची शिक्षा झाली. ती फारच कडक आहे असे अनेक माजी सरकारी वकिलांनीही म्हटले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ती कमी करून त्यांना सोडले. त्यांची शिक्षा अवाजवी होती हे मलाही मान्य आहे. पण खोट्या कागदांवर माणसे कामाला ठेवल्याबद्दल सर्वात वरच्या माणसावर कधी खटला चाललाच नाही, हे विसरता येत नाही. काही मुकादम आणि भरती विभागातल्या बायकांना मात्र शिक्षा झाल्या.

कारखान्याने नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळे काढले. त्याआधी काही महिने सोमालियातून आलेले निर्वासित आणि पार प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवरचे लोक आणून काम चालू ठेवायची धडपड झाली. २००९ मध्ये नव्या मालकाने नव्या नावाने तो सुरू केला.

उशिरा आलेला निकाल

४ मे २००९. छाप्याला वर्ष व्हायला आठ दिवस कमी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. ओळखचोरीचे ते दोन वर्षांचे कलम लावायचे असेल, तर हा नंबर खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. पोस्टव्हिलच्या कामगारांना ज्या कलमाचा धाक घातला गेला, ते त्यांच्यातल्या बहुतेकांवर टिकले नसते. मार्च २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की कबुलीने हद्दपारी ओढवणार असेल, तर वकिलाने अशिलाला तसे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. दोन्ही निकाल चांगले, पण कामगार तोवर शिक्षा भोगून ग्वातेमालात पोहोचले होते. साक्षीदार म्हणून अडकवून ठेवलेले काही जण तेवढे मागे राहिले, आणि गुन्ह्याचे बळी म्हणून काहींना पुढे व्हिसाही मिळाला.

ज्यांना कोणी पकडले नव्हते त्यांचे

२०१७ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आयोवातल्या ५२,००० हून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या ३७ आठवड्यांत लॅटिना आयांच्या पोटी जन्मलेली बाळे, आणि आदल्या वर्षी त्याच काळात जन्मलेली बाळे. कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. गोऱ्या आयांच्या बाळांत तसा फरक पडला नाही. महत्त्वाचे हे की ही वाढ अख्ख्या राज्यातली होती, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या, पूर्ण नागरिक असलेल्या लॅटिना आयांमध्येही ती होती. या बायकांना कोणी हद्दपार करू शकत नव्हते. तरीही दारावरची थाप, रस्त्यात थांबवणारा पोलीस, नवऱ्याला परतायला झालेला उशीर, यांचा अर्थ १२ मे नंतर त्यांच्यासाठी बदलला होता.

छाप्यांचे समर्थक म्हणतात की कायदा मोडणाऱ्याने परिणाम भोगावेत. कायदा पाळला जावा हे म्हणणे मला गैर वाटत नाही. पण या बाळांनी कोणता कायदा मोडला होता? अमेरिकेत सुमारे ४० लाख अल्पवयीन नागरिक असे आहेत ज्यांच्या आई-वडिलांपैकी किमान एकाकडे कागदपत्रे नाहीत. धोरण आखताना या मुलांची गणती 'नागरिक' या रकान्यात होते, भोगताना मात्र ती आई-वडिलांच्या रकान्यात येतात.

पोस्टव्हिलची ठोक कबुल्यांची पद्धत तशीच्या तशी पुन्हा वापरली गेली नाही, पण मूळ गाठ सुटलेली नाही. ७ ऑगस्ट २०१९ रोजी मिसिसिपीतल्या सात कोंबडी कारखान्यांवर छापे पडून ६८० माणसे पकडली गेली. त्या भागातल्या अनेक शाळांचा तो पहिला दिवस होता आणि संध्याकाळी मुले बंद घरांसमोर उभी होती. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या लेकन रायली कायद्याने तर गाठ आणखी आवळली. दुकानातून वस्तू उचलल्यासारख्या आरोपात बिनपरवाना माणसाला नुसती अटक झाली, तरी स्थलांतर खात्याने त्याला बिनजामीन कोठडीत ठेवायचे. दोष सिद्ध होण्याची वाट पाहायची नाही. उद्या तो फौजदारी न्यायालयात निर्दोष ठरला, तरी तोवर आत घालवलेल्या काळात घराचे भाडे थकलेले असणार.

पोस्टव्हिलमध्ये छाप्याच्या वर्षी जन्मलेली, जन्माने अमेरिकी नागरिक असलेली मुले २०२९ मध्ये २१ वर्षांची होतील. कायद्याने त्याआधी मुलाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. बिनपरवाना राहिल्याबद्दल दहा वर्षांची जी प्रवेशबंदी लागते, ती आधी उठवायला नागरिक जोडीदाराचे किंवा आई-वडिलांचे हाल हे कारण चालते, मुलाचे चालत नाही. ती मुदत आता उलटून गेली आहे. पण अर्ज झालाच, तर ग्वातेमाला शहरातल्या अमेरिकी दूतावासात खिडकीपलीकडचा अधिकारी जुनी फाइल उघडेल, आणि नाचघरात सही केलेली ती फौजदारी कबुली तिच्यात असेल.